क्वार्टरातला पाटा

बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या सेंटरात १९८६ साली आम्हाला पहिला क्वार्टर मिळाला, तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक पाटा-वरवंटा आधीच होता. काळ्या दगडाचा, दीड हात लांब, मधोमध थोडा खोलगट झालेला. शेजारी एका डब्यात मीठ, काड्यापेटी आणि कागदाच्या पुडीत वाटीभर साखर. मी नवऱ्याला म्हणाले, "कुणाचं तरी राहून गेलंय, नेऊन द्या." तो म्हणाला, "राहून गेलं नाही, ठेवून गेलेत."

फौजी माणसाचं सामान म्हणजे काळ्या ट्रंका आणि त्यांवर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. स्टेशनावर त्या ट्रंका उचलतानाच हमाल घासाघीस करतो, तिथं पाटा कोण वाहून नेणार? म्हणून तो क्वार्टरातच राही. एक बाई जाई, दुसरी येई, वाटण चालू राही. तो मुळात कुणी आणला, हे लाइनीतल्या सगळ्यात जुन्या सुभेदारीणबाईंनाही ठाऊक नव्हतं. डब्यातली साखर मात्र ताजी होती. ती ठेवणारी बाई आमच्या आधी दहा दिवस पठाणकोटला गेली होती. तिला मी आयुष्यात पाहिलं नाही.

फौजेत बायकोला 'फॅमिली' म्हणतात. मुलं असोत-नसोत, एकटी बाई म्हणजे फॅमिली. जवान रजेच्या अर्जात लिहितो, 'फॅमिली बीमार है'. साहेब विचारतो, "फॅमिली लाया क्या?" आम्हाला सुरुवातीला हसू यायचं. तिघी ओट्यावर तांदूळ निवडत बसलो की म्हणायचो, आज तीन फॅमिल्या निवडणीला बसल्यात. पलटणींचे जाडजूड इतिहास छापलेले आहेत, फॅमिल्यांचा कुणी लिहिलेला नाही. माझ्याजवळ आजेसासूंनी सांगितलेलं आहे, लहानपणी पाहिलेलं आहे आणि पोरं मोठी झाल्यावर वाचनालयातून आणून वाचलेलं आहे. तेवढ्यावर लिहिते.

शिवाजी महाराजांच्या लष्करात बाई बरोबर न्यायला सक्त बंदी होती. सभासद बखरीत ते स्वच्छ लिहिलेलं आहे आणि शिक्षा गर्दन मारण्याची होती. दसऱ्याला फौज बाहेर पडायची, आठ महिने मुलूखगिरी करायची आणि पावसाळ्याला छावणीत परतायची. हे वाचलं तेव्हा मी बोटं मोजली. त्या काळच्या शिपायाच्या बायकोला नवरा वर्षातले चार महिने निदान आपल्या मुलखात तरी मिळत होता. मला वार्षिक रजेचे दोन महिने मिळायचे, आणि त्यातला एक शेताच्या बांधावर जायचा.

पेशवाईत ही शिस्त सैल झाली. पानिपतावर गेलेल्या लष्कराबरोबर कुटुंबं होती, यात्रेकरू होते. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईही होत्या. १४ जानेवारी १७६१ ची लढाई झाली, त्या कशाबशा परत पोचल्या, पण भाऊसाहेब गेले हे त्यांनी मानलं नाही. पुण्यात सवाष्णीसारख्याच राहिल्या. आम्हाला शाळेत हे शिकवताना बाईंच्या आवाजात कीव होती. लाइनीत राहिलेली बाई अशी कीव करणार नाही. माणूस डोळ्यांनी पाहिला नाही, तर कुंकू कशाच्या आधारावर पुसायचं?

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात पायदळाच्या पलटणी उभ्या केल्या, त्यात आमच्या रेजिमेंटची सगळ्यात जुनी जंगी पलटण १७६८ ची. शिपायांना सरकार झोपडीपुरते पैसे द्यायचं आणि शिपाई स्वतःच रांगेनं झोपड्या बांधायचे. ती 'लाइन'. पुढं विटांच्या चाळी झाल्या, सिमेंटचे मजले चढले, तरी आमच्या तोंडी शब्द तोच राहिला. लाइनीत कुठं राहतेस, लाइनीत काय बातमी, लाइनीत पाणी आलं का.

या लाइनींतून निघालेलं सगळ्यात मोठं नाव महूचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत जन्मले. वडील रामजी सकपाळ सुभेदार, लष्करी शाळेत शिक्षक. आई भीमाबाई याही सुभेदार मेजरांची लेक. फौजीची मुलगी आणि फौजीचीच बायको. चौदा बाळंतपणं झालेल्या त्या बाईच्या उशाशी कोण बसलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. सासर-माहेर दोन्ही कोकणात, शेकडो मैलांवर. शेजारच्या झोपडीतली कुणीतरी शिपायाची बायकोच असणार. पुढं थोड्याच काळात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली आणि पिढ्यान्पिढ्या छावण्यांत वाढलेल्या घराण्यांचा लाइनीशी संबंध तुटला. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, आणि तीही आमच्याच बेळगावात. छावणीतल्या शेजारधर्माला जात नव्हती असं कुणी सांगितलं, तर मी ऐकून घेईन, मानणार नाही.

माझं माहेर सातारा तालुक्यातलं, सासर कोरेगावकडचं. या पट्ट्यात फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. अपशिंगे गावाला तर नावापुढं 'मिलिटरी' जोडूनच लिहितात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, त्यांच्या स्मरणाचा दगड तिथं आहे. त्या काळी मोजक्याच शिपायांना फॅमिली लाइनीत ठेवायची परवानगी असे. बाकीच्यांच्या बायका गावाकडं, सासूच्या हाताखाली.

माझ्या आजेसासूंचे थोरले दीर मेसोपोटेमियात होते. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. तो वेढा १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, सुमारे तेरा हजार माणूस तुर्कांच्या कैदेत गेलं आणि वाळवंटातल्या पायपिटीत व कैदेत त्यातलं पुष्कळ मेलं. ११७ व्या पलटणीला पुढं 'रॉयल' किताब मिळाला. आजेसासूंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच की थोरल्या जाऊबाईंना दोन वर्षं पत्र नव्हतं.

गावात अशा चौघी होत्या. सोमवारी बाजाराच्या दिवशी चौघी मिळून सहा मैल चालत टपालाला जायच्या. एकटीनं जायचं नाही, हा त्यांनी आपसात ठरवलेला नेम. पत्र आलं तर एकटं माणूस उडत येईल, पण आलं नाही तर परतीच्या वाटेला सोबत पाहिजे, असं आजेसासू सांगायच्या. एका सोमवारी चौघींपैकी एकीला पत्र आलं. तिनं ते लुगड्याच्या ओच्यात खोवलं आणि सहा मैल तोंडातून शब्द काढला नाही. गावात शिरताना आधी बाकीच्या तिघींची घरं लागत. त्या आत जाईपर्यंत तिनं पत्राला हात लावला नाही. मग आपल्या घरी जाऊन, दार लावून, रडली. थोरल्या जाऊबाईंना हे पुढं कित्येक वर्षांनी कळलं. त्यांचा माणूस परत आलाच नाही. दर संक्रांतीला त्या वाणाचं पहिलं सुगड त्या बाईच्या घरी पोचवायच्या, स्वतः उंबऱ्याबाहेर उभं राहून. विधवेनं सुगड द्यायचं नसतं, आणि त्या बाईनं ते एकदाही परत केलं नाही.

१९७१ च्या डिसेंबरात मी पाचवीत होते आणि आमच्या आळीची पत्रवाचक होते. बायका शिकलेल्या नव्हत्या, सासरे-दीर वाचून दाखवायचे, पण पुरुषाच्या तोंडून नवऱ्याचं पत्र ऐकायला बायका लाजायच्या. म्हणून मला बोलावणं. पत्र निळं, आंतर्देशीय. सुरुवात ठरलेली, 'इकडील सर्व खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी', शेवट 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद'. मधे बैलाची चौकशी, विहिरीचं पाणी, मनीऑर्डर पोचली का. बायकोचं नाव कुठंही नसायचं. वाचून झालं की सासू चुलीकडं जायची. मग सून माझ्या कानाशी वाकून विचारायची, "अजून काही लिहिलंय का बघ की, कडंला कुठं." कडेला काही नसायचं. एकदा एकीच्या पत्रात घडीच्या आतल्या बाजूला 'थंडी फार आहे' एवढंच बारीक लिहिलेलं होतं. ती ते ऐकून दोन दिवस खूश होती. मला त्या वयात काही उमजलं नाही.

'५६ ए.पी.ओ.' हा पत्ता आळीतल्या निरक्षर बायकांनाही पाठ होता. १९४८ पासून फौजेची पुष्कळ टपालं याच पत्त्यावर जातात आणि माणूस नेमका कुठं आहे ते त्यातून कळत नाही. बायका म्हणायच्या, आमचं मालक छप्पनात हायत. जणू छप्पन हे गावच. पूर्व पाकिस्तानात लढाई पेटली, जंगी पलटण जमालपूरला पोचली, हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा फक्त चावडीवरचा रेडिओ, आणि त्याभोवती पुरुष. बायका पाणी भरण्याच्या निमित्तानं तिथून चारदा जायच्या.

तार आली तो दिवस मला तासातासानं आठवतो. तालुक्याच्या पोस्टातून तारवाला सायकलवर यायचा. त्या दिवशी तो वेशीजवळ सायकलवरून उतरला आणि ती हातानं ढकलत चालत आला. मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्यापासून तिसऱ्या घरातल्या बाईच्या दारात थांबला, सासऱ्यांचा अंगठा घेतला आणि गेला. मला हाक मारली. तार इंग्रजीत होती. आमचं इंग्रजी जूनमध्येच सुरू झालेलं. मला त्यातला नंबर वाचता आला आणि नाव वाचता आलं, कारण ते मी पाकिटांवर रोज लिहीत होते. बाकीचं काही नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणाले, गुरुजींकडून वाचून आणते.

गुरुजींनी वाचलं, चष्मा काढला आणि मला म्हणाले, "तू थांब, मी येतो." मी थांबले नाही, धावत परत आले. आणि पाहिलं तर आळीतल्या आठ-नऊ बायका तिच्या अंगणात येऊन बसलेल्या. एकीनं तिचं पोर काखेला मारलं होतं, एकीनं चुलीवरची भाकरी उतरवून लाकडं बाहेर ओढली होती, एक तिच्या पाठीला पाठ लावून भिंतीसारखी बसली होती. गुरुजी अजून वाटेत होते. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. आईला रात्री विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तारवाला सायकलवरनं उतारला न्हवं का. पोराच्या नोकरीची तार आसली की त्यो घंटी वाजवत येतोय."

वर्षभर पाळी लावून आळीतली एकेक बाई रात्रीची तिच्याकडं झोपायला जायची. आईची पाळी बुधवारची. या कामाचं कौतुक कुणी केलं नाही आणि कौतुकासारखं त्यात काही आहे असं त्या बायकांनाही वाटलं नसतं. गेलेल्यांच्या विधवांसाठी सरकारनं १९७२ च्या फेब्रुवारीपासून वाढीव कुटुंब पेन्शन लागू केली. त्याच साली दिल्लीत मोहिनी गिरी यांनी युद्धविधवांची संघटना काढली. पण पेन्शनीच्या नियमांत एक मेख होती. विधवेनं दिराशी लग्न केलं तर पैसा शाबूत, दुसऱ्या कुणाशी केलं तर प्रश्न. आमच्या तिसऱ्या घरातल्या बाईचा दिराशी पाट लागला. तो तिच्याहून चार वर्षांनी लहान. पोरासाठी, पेन्शनीसाठी की मनातून, हे तिला पुरुषांनी विचारलं नाही. बायकांनी विचारलं असणार, पण त्या गोष्टी मला वाचायला दिल्या जात नव्हत्या. शौर्यपदकाच्या भत्त्याला लागू असलेली ही दिराची अट सरकारनं काढली ती थेट २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याच्या दोनच महिने आधी, कुपवाड्यात धारातीर्थी पडलेले आमच्या साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः अधिकारी होऊन फौजेत दाखल झाल्या. या दोन गोष्टी एका वर्षातल्या आहेत, यावर माझ्या पोरींचा विश्वास बसत नाही.

आणि ज्यांना तारही आली नाही त्या वेगळ्याच. १९७१ च्या लढाईनंतर बेपत्ता राहिलेल्या ५४ जणांची यादी सरकारी कागदांवर आहे. त्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे आहेत. ५ डिसेंबर १९७१ ला त्यांचं विमान पाकिस्तानात पाडलं गेलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांनी वाट पाहणं सोडलं नाही, आणि एकटीनंही पाहिली नाही. अशाच बायका, भाऊ, आया एकत्र आल्या, मंत्र्यांच्या दारी गेल्या, फोटो आणि कात्रणं जमवत राहिल्या. २००७ साली १४ नातेवाइकांचं पथक पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन शोधून आलं. कुणीच सापडलं नाही. मला त्या पथकाच्या बातमीतलं तुरुंगाचं वर्णन आठवत नाही. सोमवारी टपालाला जाणाऱ्या चौघी आठवल्या.

आता बेळगाव. १९२२ साली पलटणींची फेररचना झाली तेव्हापासून मराठ्यांचं प्रशिक्षण इथंच. आमचे हे तेव्हा नाईक होते आणि सेंटरात रंगरुटांना शिकवायला आले होते. क्वार्टर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर, पुढं ओटा. पाणी सकाळी पाच ते सहा. बेळगावचा पाऊस असा की जुलैत कपडे तीन-तीन दिवस वाळत नसत. सगळ्यांचे लंगोट, साड्या आणि फौजी बनियन एकाच दोरीवर.

लाइनीत बाईला नाव नसतं, गाव असतं. मी साताऱ्याची. उजवीकडं कणकवलीची, डावीकडं खानापूरची, समोर कोडगूची, तिला मराठी येत नव्हतं आणि आम्हाला तिचं काही. मग सगळ्यांची मिळून हिंदी. 'नळको पाणी आया क्या', 'तुमारा पोरगा पडेंगा ना', 'आमटीमे चिंच डालो'. ही हिंदी दिल्लीच्या माणसाला कळली नसती, पण बाळंतपण, गोवर, विंचू आणि भांडण हे चारही तिच्यात व्यवस्थित पार पडायचं.

माझ्या दुसऱ्या मुलीच्या वेळी हे रेंजवर गेलेले, कळा रात्री दोनला सुरू झाल्या. कणकवलीचीनं भिंतीवर उलटा पाटावरवंटा आपटल्यासारखा आवाज ऐकला. खरं तर मीच वरवंटा आपटत होते, ओरडायची लाज वाटत होती म्हणून. ती आली, समोरचीला उठवलं. कोडगूची गार्डरूमपर्यंत अंधारात पळत गेली आणि गाडी घेऊन आली. मोठीला खानापूरचीनं नेलं. लष्करी दवाखान्यात तीन दिवस मला घरचा डबा येत होता, एक दिवस मासळीचा, एक दिवस आमटीचा, आणि एक दिवस कोडगूचीचा डुकराच्या मटणाचा, जो मी नर्सला देऊन टाकला. हे कोडगूचीला मी कधी सांगितलं नाही. आता सांगते आहे.

हे सगळं गोडगोड होतं असं मात्र समजू नका. लाइनीत नवऱ्याच्या खांद्यावरची फीत बायकोच्याही खांद्यावर असायची. शिपायाची बायको हवालदारीणबाईंच्या आधी नळावर गेली तर बोललं जायचं. सुभेदारीणबाईंच्या घरी हळदीकुंकवाला बसायची सतरंजी वेगळी होती. लष्करी पत्नींची कल्याण संस्था, आम्ही तिला 'आवा' म्हणतो, १९६६ साली निघाली. लष्करप्रमुखांच्या पत्नी तिच्या अध्यक्ष असतात, आणि खाली पलटणीपर्यंत साखळी तशीच उतरते. आमच्या लाइनीत महिन्यातून एकदा वेल्फेअरची बैठक असे. साहेबांच्या मेमसाब यायच्या, आम्ही कडक इस्त्रीच्या साड्या नेसून रांगेत. त्या विचारायच्या, "सब ठीक है?" आम्ही एका सुरात, "जी मेमसाब." मग तंबोला. ज्या वेळी नळाला आठ दिवस पाणी नव्हतं त्या वेळीही सब ठीकच होतं. एकदा कणकवलीची उभी राहिली आणि म्हणाली, "ठीक नाय मेमसाब, पानी नाय." संध्याकाळी तिच्या नवऱ्याची हजेरी घेतली गेली. दुसऱ्या दिवशी पाणी आलं. कोण चूक, कोण बरोबर, यावर आमच्यात महिनाभर वाद झाला. शिवणकामाचा वर्ग मात्र त्याच संस्थेनं चालवला आणि मी तिथं शिकलेल्या शिलाईवर साताऱ्यात पुढं वीस वर्षं घर चालवलं, हेही लिहिलं पाहिजे. संस्थेचं कौतुक आणि लाइनीतल्या शेजारणीचं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक हिशेबाच्या वहीत बसते, दुसरी बसवायला गेलं की भांडण होतं.

१९८७ च्या पावसाळ्यात शांतिसेना श्रीलंकेला गेली. सेंटरातले आमचे पुरुष जागेवर होते, पण लाइनीत अशा बायका होत्या ज्यांचे भाऊ, दीर त्या बाजूला गेले होते. शेवटच्या रांगेतली एक बाई क्वार्टर राखून होती, तिचा नवरा पलटणीबरोबर गेलेला. १९९० च्या मार्चमध्ये सेना परतली तोवर आपली अकराशेहून अधिक माणसं गेली. त्या बाईचा माणूस पहिल्याच वर्षी गेला. फौजेचा नियम असा की काही मुदतीनंतर क्वार्टर सोडावा लागतो. मुदत होती, पण संक्रांत मध्येच आली.

हळदीकुंकवाचं काय करायचं, यावर सुभेदारीणबाईंच्या ओट्यावर बैठक बसली. तिला बोलवायचं नाही असं म्हणणाऱ्या तिघी होत्या, आणि त्या वाईट नव्हत्या, त्यांच्या आयांनी त्यांना तसंच शिकवलं होतं. मी आजेसासूंच्या जाऊबाईंचं सुगड सांगितलं. कुणी काही बोललं नाही. सुभेदारीणबाई, ज्यांची सतरंजी वेगळी असायची, त्या उठल्या आणि म्हणाल्या, "यंदा कुंकू नको. तिळगूळ करू, आणि तिच्याच क्वार्टरात करू. म्हणजे बोलवायचा प्रश्न येत नाही." झालं तसंच. सगळ्या तिच्याकडं गेल्या, तिनं सगळ्यांना तिळगूळ दिला. सतरंजी त्या दिवशी एकच होती, कारण तिच्याकडं एकच होती. फेब्रुवारीत ती गावाला गेली. ट्रंकेवरचं पांढऱ्या रंगातलं नाव तिनं खोडू दिलं नाही.

तिचं पुढं पत्र आलं नाही. कणकवलीचीचं दोनदा आलं, मग तिचीही बदली झाली आणि पत्ता हरवला. बाहेरच्या बायका मला विचारतात, एवढी जिवाभावाची मैत्री, मग टिकली कशी नाही? त्यांना वाटतं मैत्री म्हणजे टिकणं. लाइनीत तीन वर्षांच्या बोलीवरच मैत्री होते आणि म्हणून ती पहिल्याच दिवशी होते, वेळ नसतो. उपकार फेडायला माणूस समोर नसतंच, ते तोवर गंगानगरला नाहीतर तेजपूरला गेलेलं असतं. तेव्हा जे फेडायचं ते पुढच्या बाईला. माझ्या दुसऱ्या मुलीच्या बाळंतपणाचे डबे मी पुढच्या पोस्टिंगवर एका बिहारी पोरीला पोचवले. तिला कणकवली कुठं आहे ते माहीत नव्हतं.

आमची बदली १९८९ च्या मे महिन्यात झाली. नव्या फॅमिलीचा ट्रक अजून यायचा होता, हुबळीहून कुणी हवालदार येणार एवढंच कळलेलं. दोन दिवस आधी रस्त्यावर वडारणीची हाक आली, "पाट्याला टाकीऽऽ". मी तिला बोलावलं. पाट्याचा मधला भाग गुळगुळीत झाला होता, चटणीत खोबरं रगडलं जात नव्हतं. ती ओट्यावर उकिडवी बसून अर्धा तास छिन्नी मारत होती. दगडाचे कण उडून तिच्या भुवयांवर बसले होते. दोन रुपये मागितले, दीड दिला. मग मी पाटा धुतला, त्यावर मूठभर तांदूळ वाटून टाकून दिले, नव्या टाकीची खर पहिल्या वाटणात येते म्हणून. डबा घासला, मीठ भरलं, काड्यापेटी ठेवली. रेशनची साखर संपली होती, म्हणून गुळाचा खडा ठेवला.